सत्ता उलटत राहिली, शहर चालवणारा माणूस कसा टिकला? कोलोनच्या आडेनाउअरबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीत आधी कैसर म्हणजे सम्राट, मग क्रांती, मग ब्रिटिश फौज, मग नाझी, मग अमेरिकन, आणि या सगळ्या काळात कोलोन शहराच्या कारभारात महापौर कोनराड आडेनाउअर हे नाव पुन्हा पुन्हा येतंच, तर असा माणूस संधीसाधू म्हणायचा का, आणि नसेल तर तो टिकला कशाच्या जोरावर.

मी महापालिकेच्या प्रशासनात बरीच वर्षं काढलीत, सभागृह बरखास्त होताना बघितलंय, प्रशासक राजवटीत काम केलंय, आणि जर्मन शहरांच्या कारभाराचा इतिहास हा माझा जुना जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळं उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या. पण पहिल्यांदा एक गोष्ट सांगतो. आडेनाउअर सगळ्यातून टिकला हे खरं नाही. त्याला दोनदा हाकललं, १९३३ मध्ये नाझींनी आणि १९४५ मध्ये ब्रिटिशांनी. कुणाबरोबर तो काम करू शकला आणि कुणाबरोबर नाही, हे बघितलं की मगच तो माणूस कळतो.

आधी ते पद समजून घ्या, नाहीतर सगळंच चुकीचं वाचलं जातं. आपल्याकडे महापौर म्हणजे सभागृह, मानपान, आणि खरा कारभार आयुक्ताच्या हातात, मुंबईच्या १८८८ च्या कायद्यापासून हीच घडी आहे. प्रशिया या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्यात, त्याच्या ऱ्हाइन प्रांतात, तसं नव्हतं. तिथे महापौर आणि आयुक्त एकच माणूस. नगरसभा त्याला १२ वर्षांसाठी निवडायची, राजाची मंजुरी लागायची, आणि तो बहुतेक वेळा कायदा शिकलेला, पगारी, पूर्णवेळ प्रशासक असायचा. गावचाच हवा असंही नव्हतं, चांगला माणूस एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा, कार्ल गोएर्डेलर क्योनिग्सबर्गचा उपमहापौर होता आणि १९३० मध्ये थेट लाइपझिगचा महापौर झाला. महापौराच्या हाताखाली खातेप्रमुख, आपल्या उपायुक्तांसारखे समजा, पण तेसुद्धा नगरसभेनं ठराविक मुदतीसाठी निवडलेले. म्हणजे राजकारणातून निवड, पण काम नोकरशहाचं, आणि मुदत इतकी लांब की मधल्या मधे वरचं सरकार पडलं तरी खालची खुर्ची हलत नाही. आडेनाउअर निवडून आला तेव्हा कैसर गादीवर होता, मतदान कराच्या रकमेवरून तीन वर्गांत विभागलेलं होतं, श्रीमंताच्या मताला वजन जास्त. १४ महिन्यांत कैसर पळून गेला, मतदान सगळ्यांना आणि बायकांनाही खुलं झालं, पण महापौराची मुदत आपली १९२९ पर्यंत चालूच.

तो मूळचा कोलोनचाच, जन्म १८७६. १९०६ मध्ये तिशीत खातेप्रमुख झाला, १९०९ मध्ये खातेप्रमुखांत पहिला. तेव्हाचा महापौर माक्स वालराफ त्याच्या बायकोचा मामा-काका लागत होता, तेव्हा ओळखीचा फायदा झालाच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढचं ओळखीवर झालेलं नाही. पहिल्या महायुद्धात शहराच्या धान्यपुरवठ्याचं खातं त्याच्याकडे आलं, आणि पालिकेत काम केलेल्या कुणालाही विचारा, टंचाईतला पुरवठा म्हणजे शिव्या खाण्याचं खातं. ब्रिटिश नाकेबंदी, गहू नाही, १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाट्याचं पीक बुडालं आणि लोक जनावरांना घालायचे ते सलगम खाऊन जगले. यानं दोन बेकरीवाल्यांना हाताशी धरून मका, बार्ली, तांदूळ यांच्या पिठाचा पाव बनवला आणि १९१५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सोयाबीन घालून सॉसेज बनवलं, त्याचं पेटंट जर्मनीत मिळालं नाही कारण मांस नसेल तर सॉसेज कसलं हा तिथला नियम, पण ब्रिटनमध्ये १९१८ मध्ये मिळालं, युद्ध चालू असताना शत्रूच्या देशात. तो पाव चवीला वाईट होता, लोकांनी आडेनाउअरला बार्लीवरून टोपणनाव पण पाडलं. पण रेशन बऱ्यापैकी चाललं, आणि शहरातले समाजवादी, कामगार संघटनेचे लोक, दुकानदार हे सगळे या काळात रोज त्याच्या टेबलासमोर बसले. माझ्या मते त्याच्या पुढच्या टिकण्याचं खरं भांडवल इथे जमा झालं. विल्हेल्म झोलमनसारखा समाजवादी नेता त्याचा राजकीय विरोधक, पण हा माणूस शब्द पाळतो आणि त्याला आकडे माहिती असतात हे त्याला पुरवठ्याच्या बैठकांत कळून चुकलं होतं.

१९१७ च्या मार्चमध्ये त्याची गाडी ट्रामला धडकली, चेहरा कायमचा बदलला. महापौरपद रिकामं झालं तेव्हा हा ब्लॅक फॉरेस्टमध्ये विश्रांती घेत होता, आणि नगरसभेची दोन माणसं मुद्दाम तिथे जाऊन, याचं डोकं ठिकाणावर आहे का ते गप्पा मारून बघून आली. मग १८ सप्टेंबरला निवड झाली. वय ४१, प्रशियातला सगळ्यात तरुण महापौर.

आता १९१८ चा नोव्हेंबर, हा भाग जरा सावकाश वाचा. उत्तरेतल्या कील बंदरातल्या नौसैनिकांचं बंड, ज्यातून क्रांती पेटली, रेल्वेनं कोलोनला पोचलं. आडेनाउअर काही क्रांतिकारक नव्हता, उलट कॅथलिक, सेंटर या कॅथलिकांच्या पक्षाचा, राजनिष्ठ घरातला, आणि पहिल्या दिवशी त्यानं लष्करी गव्हर्नरला सांगितलंच की तोफा उभ्या आहेत त्या वापरा आणि हे थांबवा. गव्हर्नर हलला नाही. ज्या क्षणी कळलं की जुनी सत्ता स्वतःसाठी बोटही उचलणार नाही, त्या क्षणी यानं क्रांतिकारकांच्या कामगार-सैनिक समितीला टाउन हॉलमध्ये खोल्या दिल्या, टेलिफोन दिला आणि त्यांच्याबरोबर संयुक्त समिती बनवली. कुणी म्हणेल बघा, एका दिवसात पलटला. पण शहरासमोर तेव्हा काय होतं ते बघा, पश्चिम आघाडीवरून परतणारं अख्खं सैन्य ऱ्हाइनचे पूल ओलांडायला कोलोनमध्ये घुसणार होतं, भुकेलं, हत्यारबंद, आणि शहरात लष्कराचे दारूचे साठे भरलेले. यानं ते साठे नदीत ओतायला लावले, सैनिकांची हत्यारं जमा करून, कपडे देऊन, त्यांना पुढे घरी रवाना करायची सोय लावली. हे काम समितीच्या शिक्क्याशिवाय झालंच नसतं कारण सैनिक फक्त त्यांचंच ऐकत होते, आणि पालिकेच्या यंत्रणेशिवायही झालं नसतं कारण समितीला गोदाम कुठलं आणि गाडी कुठली हेच माहिती नव्हतं. दोघांना एकमेकांची गरज होती.

डिसेंबरमध्ये ब्रिटिश आले ते ३१ जानेवारी १९२६ पर्यंत राहिले. त्यांच्याशीही त्याचा तोच खाक्या, मान ताठ, काम चोख. शहराला कोळसा, अन्न, घरं हवी होती, फौजेला शांतता आणि राहायला जागा हवी होती, घासाघीस करून दोन्ही मिळवायचं.

आणि याच परक्या फौजेच्या सावलीत त्यानं शहर बांधलं, हे मला फार मोठं वाटतं. फ्रेंचांनी १७९८ मध्ये बंद केलेलं विद्यापीठ १९१९ मध्ये पुन्हा उघडलं, तेही मुख्यतः शहराच्या खर्चानं. व्हर्सायच्या तहाप्रमाणे शहराभोवतीची तटबंदी पाडायची होती, ती जागा बिल्डरांच्या घशात जायच्या आत त्यानं बर्लिनहून खास कायदा करून घेतला, बांधकाम रोखलं, हँबर्गहून फ्रित्स शूमाखर या नगररचनाकाराला बोलावलं आणि शहराभोवती झाडांचा, मैदानांचा हिरवा पट्टा आखला. आरक्षित भूखंड वाचवायला किती दमछाक होते ते मी जवळून बघितलंय, म्हणून या एका कामासाठी मला त्याच्याविषयी मनापासून आदर आहे. १९२३ मध्ये म्युंगर्सडॉर्फचं स्टेडियम, १९२४ मध्ये ऱ्हाइनच्या उजव्या काठावर प्रदर्शनाचे हॉल, नील भागातलं बंदर, १९३० मध्ये फोर्डचा कारखाना, ज्याच्या पायाभरणीला स्वतः हेन्री फोर्ड आला होता, आणि ऑगस्ट १९३२ मध्ये कोलोन ते बॉन फक्त मोटारींसाठीचा रस्ता, म्हणजे ऑटोबान हिटलरनं सुरू केले ही समजूत इथेच निकालात निघते. म्युलहाइमचा पूल तर बघाच, तज्ज्ञांच्या समितीनं कमानीचा पूल निवडला होता, याला झुलता हवा होता, मग यानं कम्युनिस्ट नगरसेवकांना पटवलं की लेनिनग्राडमध्ये पण असेच सुंदर पूल आहेत, आणि त्यांच्या मतांवर झुलता पूल मंजूर करून घेतला. १९२९ मध्ये तो खुला झाला तेव्हा युरोपातला सगळ्यात लांब झुलता पूल होता, मधला गाळा ३१५ मीटरचा.

पैसा कुठून आला? कर्जातून. आणि इथे त्याच्यावरची टीका रास्त आहे. राइशबँकेचा, म्हणजे जर्मन मध्यवर्ती बँकेचा, अध्यक्ष शाख्त १९२७ मध्येच जाहीरपणे ओरडत होता की जर्मन शहरं परदेशी कर्ज काढून स्टेडियम आणि तलाव बांधतायत. कोलोनची अल्पमुदतीची कर्जं भरपूर होती, १९३१ ला बँका कोसळल्या आणि शहराची तिजोरी आवळली गेली, बेकारांना मदत द्यायची पाळी शहरावरच. त्याचा स्वतःचा पगार मोठा, त्यावरून वर्तमानपत्रांत आणि सभेत रोज गदारोळ, शेअरमध्ये त्याचे खासगी पैसेही बुडाले होते, वागण्यात हुकूमशाही. १९२९ ला फेरनिवड झाली ती अगदी काठावर. नाझींनी नंतर जे विष कालवलं त्याला जमीन इथे तयार झाली होती, हे त्याच्या चाहत्यांनी मान्य करायला हवं.

१९३३. ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला. आडेनाउअर तेव्हा प्रशियाच्या राज्यपरिषदेचा अध्यक्षही होता, आणि प्रशियाचं विधिमंडळ बरखास्त करायला ज्या तिघांची संमती लागायची त्यातला एक. त्यानं संमती दिली नाही, तर त्यांनी वाकडा मार्ग काढून बरखास्ती करूनच घेतली. १७ फेब्रुवारीला हिटलर प्रचाराला कोलोनच्या विमानतळावर उतरला, महापौर स्वागताला गेला नाही, एका खातेप्रमुखाला पाठवलं. कारण त्याच्या मते हा सरकारप्रमुखाचा दौरा नव्हता, पक्षाच्या प्रचाराचा होता. मग नाझींनी ऱ्हाइनच्या पुलावर, म्हणजे शहराच्या मालमत्तेवर, रातोरात स्वस्तिकाचे झेंडे लावले, ते यानं उतरवायला लावले, सभेच्या हॉलसमोर मात्र लावू दिले. प्रशासक म्हणून बघा, दोन्ही निर्णय शुद्ध नियमाचे आहेत. सरकारी दौरा आणि पक्षाचा दौरा वेगळा. पूल सगळ्यांचा, भाड्यानं घेतलेला हॉल त्यांचा.

पण समोरचा पक्ष नियमाच्या बाहेर खेळत होता. भिंतीवर पोस्टर लागली, आडेनाउअरला भिंतीपाशी उभा करा, म्हणजे गोळी घाला. १२ मार्चला पालिका निवडणूक झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी हा बर्लिनला निघून गेला, हिटलरचा उजवा हात गोएरिंग याच्याकडे दाद मागायला, आणि इकडे गाउलायटर, म्हणजे नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख, ग्रोहेनं टाउन हॉलच्या सज्जातून जाहीर केलं की महापौराला काढलंय, त्याच्या जागी ग्युंटर रीझेन. ना ठराव, ना चौकशी. रीतसर बडतर्फी आली ती १७ जुलैला, एप्रिलमध्ये केलेल्या नोकरशाहीच्या 'पुनर्स्थापने'च्या कायद्याखाली, याच कायद्यानं ज्यू आणि विरोधी विचाराचे अधिकारी देशभर घरी पाठवले.

हा फक्त त्याच्याच वाट्याला आलेला प्रकार नाही. माग्डेबुर्गच्या समाजवादी महापौराला, एर्न्स्ट रॉयटरला, छळछावणीत टाकलं, तो नंतर तुर्कस्तानात गेला आणि अंकाऱ्यात नगररचना शिकवत राहिला. ड्युसेलडॉर्फच्या रोबर्ट लेअरला अटक झाली. बर्लिनचा हाइनरिख झाम मात्र पक्षात शिरून १९३५ पर्यंत टिकला. आणि लाइपझिगचा गोएर्डेलर नाझी पक्षात न जाता राहिला, त्याला वाटत होतं आत राहून लगाम घालता येईल. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये तो परदेश दौऱ्यावर असताना त्याच्या नाझी उपमहापौरानं संगीतकार मेंडेल्सझोनचा पुतळा हटवला, कारण तो जन्मानं ज्यू. परत आल्यावर पुतळा बसवून घेता आला नाही, तेव्हा गोएर्डेलर राजीनामा देऊन बाहेर पडला, पुढे हिटलरविरोधी कटाचा नेता झाला आणि २ फेब्रुवारी १९४५ ला बर्लिनमध्ये फाशी गेला. आडेनाउअरला या कटाकडून विचारणा झाली होती, तो गेला नाही. ज्यांना शूर माणूस हवाय त्यांनी गोएर्डेलरकडे बघावं, आडेनाउअर त्या मापाचा शूर नव्हता.

आणि आता ते पत्र, जे सोडून कुणी त्याच्यावर लिहू नये. ऑगस्ट १९३४ मध्ये त्यानं गृहमंत्र्याला लांबलचक पत्र लिहिलं, पेन्शनसाठी. त्यात म्हटलंय की मी नाझी पक्षाशी कायम नीट वागलो, शहराची मैदानं त्यांना दिली, वरून मनाई असताना झेंडे लावू दिले. हे वाचून त्रास होतो. दीड महिना आधीच, ३० जूनला हिटलरनं आपल्या विरोधकांची कत्तल केली त्या वेळी, त्यालाही उचलून कोठडीत ठेवलं होतं, हातात उत्पन्न नाही, मुलं लहान, मधे कित्येक महिने मारिया लाखच्या मठात राहून काढलेले, तिथला मठाधिपती शाळासोबती म्हणून. डॅनी हाइनमन या ज्यू मित्रानं १०,००० मार्क दिले म्हणून घर चाललं. ही सगळी परिस्थिती धरूनही मला त्या पत्रातली सगळ्यात अवघड गोष्ट ही वाटते की त्यातला मजकूर बऱ्याच अंशी खरा असावा. नियमानं सगळ्या पक्षांना मैदान मिळतं, मग त्यांनाही मिळालं. निःपक्षपाती प्रशासन त्या पक्षालाही सेवा देतं जो उद्या निःपक्षपातीपणाच संपवणार आहे. या कोड्याला आडेनाउअरकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगू का, आपल्या कुठल्याही प्रशिक्षण संस्थेच्या अभ्यासक्रमातही नाही. पेन्शनचा वाद १९३७ मध्ये मिटला, त्या पैशातून बॉनजवळ ऱ्होएनडॉर्फला घर झालं, तिथे तो बागकाम करत बसला.

१९४४ मध्ये हिटलरविरोधी कटानंतरच्या धरपकडीत पुन्हा अटक. आणि ठेवलं कुठे, तर त्यानंच बांधलेल्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, तिथे आता कैद्यांची छावणी होती. तिथल्या एका कम्युनिस्ट कैद्यानं, ऑयगेन झांडरनं, त्याचं नाव धोक्याच्या यादीत आहे हे कळल्यावर आजाराचं सोंग करायला सांगून त्याला वाचवलं. आडेनाउअर पळाला, नाझींनी बायकोला कोठडीत टाकून, धाकदपटशा करून पत्ता काढला, पुन्हा पकडला, नोव्हेंबरअखेर सुटला. त्या कोठडीनं बायकोची तब्येत गेली ती गेलीच, १९४८ मध्ये ती वारली.

६ मार्च १९४५ ला अमेरिकन कोलोनमध्ये शिरले आणि लगेच त्याला शोधत आले. आधी त्यानं जाहीर नेमणूक घेतली नाही, पडद्यामागून सल्ला देतो म्हणाला, कारण तीन मुलं अजून जर्मन सैन्यात होती. भीती खोटी नव्हती, अमेरिकनांनी नेमलेल्या आखेनच्या महापौराला, फ्रान्स ओपेनहॉफला, नाझींच्या टोळीनं २५ मार्चला घरी येऊन गोळी घातली. मेमध्ये अधिकृतपणे सूत्रं घेतली. युद्धाआधी साडेसात लाखांवर वस्ती, आता डाव्या काठावर जेमतेम ४०,००० माणसं, सगळे पूल पाण्यात. वय ६९. सुरुवातीच्याच कामांत त्यानं शहराच्या बस काढून बूखेनवाल्ड, डाखाउ, थेरेसियनश्टाटच्या नाझी छळछावण्यांकडे पाठवल्या, कोलोनची वाचलेली माणसं घरी आणायला.

जूनमध्ये भाग ब्रिटिशांकडे गेला आणि खटके उडायला लागले. हिवाळा तोंडावर, ब्रिटिश म्हणतात हिरव्या पट्ट्यातली झाडं तोडा आणि जळण करा. हा म्हणतो झाडं तोडणार नाही, त्यानं थोडकंच भागेल, तुमच्या ताब्यातल्या खाणींचा कोळसा सोडा. वर पत्रकारांसमोर टीकाही केली. ६ ऑक्टोबरला ब्रिगेडियर बॅराक्लोनं बोलावून बडतर्फीचं पत्र हातात दिलं, कारण काय तर मलबा उपसण्यात आणि हिवाळ्याच्या तयारीत ढिलाई, शिवाय राजकारण बंद आणि शहराबाहेर जा. १९१८ ला ज्या ब्रिटिशांशी जमलं त्यांच्याशीच १९४५ ला जमलं नाही, याचं कारण मला असं दिसतं की पहिल्या वेळी ते नगरसभेनं निवडलेल्या महापौराशी बोलत होते, दुसऱ्या वेळी त्यांनी याला नेमून दिलेला हस्तक धरलं होतं. याच्या डोक्यात मात्र तो अजूनही शहराचाच माणूस होता. राजकारणावरची बंदी काही आठवड्यांत उठली, तो पक्षबांधणीला लागला, आणि १५ सप्टेंबर १९४९ ला, वयाच्या ७३ व्या वर्षी, एका मताच्या फरकानं पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर झाला. बॅराक्लोनं काढलं नसतं तर बहुधा कोलोनच्या ढिगाऱ्यातच त्याची उरलेली वर्षं गेली असती.

संधीसाधू म्हणायचं का, तर माझं उत्तर नाही. कामगार समिती असो, ब्रिटिश गव्हर्नर असो, कम्युनिस्ट नगरसेवक असोत, ज्यांना शहर चालायला हवं होतं त्या प्रत्येकाशी त्यानं सौदा केला आणि प्रत्येक सौद्यात शहराला काहीतरी मिळालं. १९३३ ला समोर आलेल्यांना सौदा नकोच होता, त्यांना खुर्ची हवी होती. तिथे तो झेंड्यावरून अडला आणि गेला. पत्र लिहिलं ते खुर्ची गेल्यावर, पेन्शनसाठी, परत खुर्ची मागायला नाही, हा फरक मी तरी मानतो, ज्यांना पटत नाही त्यांचं म्हणणंही मला समजतं.

ज्या पदामुळं ही कारकीर्द घडली ते पद पुढे राहिलं नाही. १९४६ मध्ये ब्रिटिशांनी आपल्या भागातल्या शहरांत ते दोन तुकड्यांत वाटलं, मानद महापौर वेगळा आणि प्रशासन चालवणारा प्रमुख वेगळा, म्हणजे मुंबईत आपण बघतो त्याच्या बरंच जवळ, फक्त तिथला प्रशासनप्रमुख राज्य सरकार पाठवत नसे, नगरसभाच निवडायची. कोलोनमध्ये ते काम आडेनाउअरचाच मेहुणा विली झूट, जो आधी तिजोरी सांभाळायचा, त्याच्याकडे आलं. ही दोन तोंडांची रचना नॉर्थ ऱ्हाइन वेस्टफालियात १९९० च्या दशकापर्यंत चालली, मग कायदा बदलून दोन्ही कामं पुन्हा एका माणसाकडे आली, पण आता त्याला नगरसभा निवडत नाही, १९९९ पासून लोक थेट मतदान करतात.